लॅपटॉपचे झाकण आणि हॉलची शंका

लॅपटॉपचे झाकण मिटले की पडदा विझतो आणि यंत्र झोपी जाते. झाकण मिटल्याचे त्याला कळते कसे? बऱ्याच लॅपटॉपमध्ये पडद्याच्या चौकटीत एक छोटा चुंबक बसवलेला असतो आणि त्याच्या समोर, कळफलकाच्या बाजूला, एक संवेदक. झाकण उघडे ठेवून फ्रिजवर लावतात तसला साधा चुंबक कळफलकाच्या कडेने हळूहळू फिरवला, तर एका जागी पडदा अचानक काळा होतो. (फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असलेल्या यंत्रावर किंवा जोरदार निओडिमियम चुंबकाने हे करू नये.)

या संवेदकाचे मूळ शोधायला आपल्याला १८७९ सालच्या बाल्टिमोरला जावे लागते. एडविन हॉल हा तरुण दोन वर्षे शाळांत मुख्याध्यापकी करून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकायला आला होता. मॅक्सवेलच्या १८७३ सालच्या ग्रंथातील एका विधानापाशी तो अडला. चुंबकाचे बल विद्युतप्रवाहावर नव्हे, तर तो वाहून नेणाऱ्या तारेवर कार्य करते, असे मॅक्सवेलने लिहिले होते. हॉलला हे पटेना. प्रवाह नसेल तर तांब्याच्या तारेला चुंबक हलवत नाही. प्रवाह वाढवला की बल वाढते. तार जाड की बारीक, याने मात्र फरक पडत नाही. मग बल तारेवर कसे? शंका घेऊन तो प्राध्यापक रोलंड यांच्याकडे गेला. त्यांनाही ती आलेली होती. त्यांनी एक प्रयोगही केला होता, पण हाती काही लागले नव्हते.

चुंबक प्रवाहाला एका कडेला ओढत असेल, तर तारेचा रोध वाढायला हवा, असा हॉलचा पहिला तर्क. रोध वाढला नाही. मग त्याच्या मनात आले, की प्रवाह कडेला सरू पाहत असेल, पण सरू शकत नसेल. तसे असल्यास दोन कडांमध्ये एक प्रकारचा दाब, म्हणजे विभवांतर, निर्माण व्हावे. काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवून त्याने आडवे विभवांतर शोधले आणि २८ ऑक्टोबर १८७९ रोजी गॅल्व्हानोमीटरचा काटा सरकला. जाड पत्र्यात हा परिणाम सापडणे कठीण, कारण पट्टी जितकी पातळ तितके विभवांतर अधिक. मॅक्सवेल ५ नोव्हेंबरला वारला.

इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून अठरा वर्षे होती, हे विसरू नये.

धातूंत इलेक्ट्रॉनांची गर्दी फार, म्हणून हे विभवांतर अगदी क्षीण. अर्धवाहकांत प्रवाहाचे वाहक विरळ. तेवढाच प्रवाह नेताना ते अधिक वेगाने धावतात आणि विभवांतर वाढते. त्यामुळे १९५० नंतर, चांगले अर्धवाहक हाती आल्यावर, हॉलचा परिणाम उपकरणांत उतरला. आता सिलिकॉनच्या एका कणभर चकतीवर पट्टी आणि तिचा प्रवर्धक दोन्ही मावतात.

आपल्या प्रयोगात चुंबक उलटा करूनही पाहावे. क्षेत्राची दिशा बदलली की हॉलच्या विभवांतराची दिशाही बदलते. काही संवेदक दोन्ही ध्रुवांना दाद देतील असे बनवलेले असतात, काही एकाच. एका ध्रुवाला पडदा विझला आणि दुसऱ्याला विझला नाही, तर आत जुन्या पद्धतीची, लोखंडी पात्या चिकटून चालणारी रीड कळ नाही हे नक्की. तिला ध्रुव कोणता याने फरक पडत नाही.