पैसाचा खांब (नेवासा)

प्रवरेकाठच्या नेवासे येथील करवीरेश्वर या शिवमंदिराचा उरलेला दगडी स्तंभ. देवळाच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा संस्कृत लेख त्यावर कोरला आहे. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके 1212 (इ. स. 1290) मध्ये गीतेवर निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी परंपरा आहे. पुढे मूळ देऊळ नाहीसे झाले; खांब मात्र उभाच राहिला. विसाव्या शतकात त्याच्याभोवती ज्ञानेश्वर मंदिर बांधण्यात आले. एरवी देवासाठी देऊळ बांधतात, इथे ते खांबासाठी बांधले, हे या वास्तूचे खरे वेगळेपण. गाभाऱ्यात आज तोच पूजिला जातो. शैव देवळाचा हा आधार वारकऱ्यांचे दैवत झाला आहे.