गिअरचा दांडा आणि विजेचा निरोप

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कोकोमो नावाचं गाव आहे. तिथल्या हेन्स कंपनीने १९१४ सालच्या मोटारींमध्ये गिअरच्या लांब दांड्याऐवजी स्टिअरिंगपाशी बटणं दिली. चालकाने हव्या त्या गिअरचं बटण दाबायचं आणि मग क्लच तळापर्यंत न्यायचा. तेवढ्याने विजेचं सर्किट पुरं होई, गिअरबॉक्सवरचा विद्युतचुंबक सळई खेचून घेई आणि गिअर पडे. दोनच वर्षांपूर्वी कॅडिलॅकने मोटारीला सेल्फ बसवला होता. हँडल मारण्याचे कष्ट विजेने वाचवले, तर गिअर टाकण्याचे कष्टही तिनेच वाचवावेत, हा विचार त्या दिवसांत अगदी साहजिक होता.

वल्कन नावाची ही यंत्रणा फार वर्षं टिकली नाही. तिची अडचण आजच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला चटकन समजेल. हात आणि गिअर यांच्यामध्ये लोखंड असतं तेव्हा बिघाड डोळ्यांना दिसतो: पिन झिजलेली असते, बुश गेलेला असतो, सळई वाकलेली असते. मध्ये तार आली की तोच बिघाड झाकला जातो. बटण दाबलं आणि गिअर पडला नाही, तर दोष बटणात आहे, तारेत आहे, चुंबकात आहे की बॅटरीत, हे बघून कळत नाही, मोजावं लागतं. पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असणाऱ्या हायब्रिड मोटारीत ‘गिअर पडत नाही’, ‘गाडी मध्येच ताकद सोडते’ अशा ज्या तक्रारी येतात, त्यांचं मूळ इतकं जुनं आहे.

कोकोमोनंतरही प्रयोग थांबले नाहीत. १९३६ च्या कॉर्ड ८१० मध्ये स्टिअरिंगच्या खांबावर बोटभर लांबीची काडी होती. तिने विजेचे स्विच चालत आणि प्रत्यक्ष गिअर निर्वात दाबाने पडत. १९५६ मध्ये पॅकार्डने विजेची बटणं आणली. क्रायस्लरने त्याच सुमाराला बटणंच दिली, पण बटणामागे तार विजेची नव्हती, पोलादी केबल होती. ती बटणं १९६४ पर्यंत चालली. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सगळ्यात बोलका धडा फोर्डच्या एडसेलने दिला. सप्टेंबर १९५७ मध्ये ही गाडी बाजारात आली तेव्हा तिच्या ‘टेलिटच’ यंत्रणेची बटणं थेट स्टिअरिंगच्या मधोमध होती, म्हणजे जिथे हात हॉर्नसाठी जातो तिथेच. घाईत हॉर्न वाजवायला गेलेला माणूस गिअरचं बटण दाबून बसे. गिअर बदलण्याचं काम गिअरबॉक्सवर बसवलेली एक छोटी मोटर करी. गाडी उतारावर पार्कमध्ये उभी असली की तिचं सगळं वजन पार्किंगच्या खिळीवर येई आणि ती खिळी उचलताना मोटरची दमछाक होई. तारा एग्झॉस्टच्या जवळून गेलेल्या, त्यामुळे उष्णतेने त्यांची कातडी कडक होऊन तडकायची. पुढच्या वर्षीच्या गाड्यांतून टेलिटच काढून टाकलं गेलं. चालकाची सवय, मोटरची ताकद आणि तारेची वाट, तिन्हीकडे एकाच वेळी चूक झाली होती. पुढे जवळपास पन्नास वर्षांनी इलेक्ट्रॉनिक गिअर करणाऱ्यांना याच तिन्ही गोष्टी पुन्हा सोडवाव्या लागल्या.

हायब्रिडची वाट वेगळ्या बाजूने येत होती. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० मध्ये पेट्रोल इंजिनावर वीज निर्माण करून चाकातल्या मोटरी फिरवणारी ‘सेम्पर व्हिव्हस’ बनवली. शिकागोच्या वूड्स कंपनीने १९१७ च्या सुमारास ‘ड्युअल पॉवर’ विकायला काढली. तिला गिअर नव्हतेच. चालकापुढे दोन छोटे दांडे, एक पेट्रोलचा आणि एक विजेचा. गाडी महाग होती, संथ होती, लोकांनी घेतली नाही. पण गिअरशिवाय गाडी चालू शकते हे तिने दाखवून दिलं होतं.

टोयोटाने १९९३ मध्ये एकविसाव्या शतकासाठी नव्या मोटारीचं काम सुरू केलं आणि ते ताकेशी उचियामादा यांच्याकडे आलं. १९९५ च्या अखेरीस पहिली चाचणी-गाडी उभी राहिली. उभी राहिली आणि उभीच राहिली. एकोणपन्नास दिवस ती जागची हलली नाही. इंजिन चांगलं, मोटर चांगली, बॅटरी भरलेली, तरीही गाडी पुढे जाईना. दोष वायरिंगचा होता की सॉफ्टवेअरचा, हे एकेक करून तपासावं लागत होतं. अखेर गाडी हलली, तीही जेमतेम पाचशे मीटर. हायब्रिड दुरुस्तीच्या धंद्याचा जन्म खरं तर याच एकोणपन्नास दिवसांत झाला असं म्हणायला हवं, कारण ‘सगळे भाग ठीक आहेत आणि गाडी चालत नाही’ हा प्रश्न इथे पहिल्यांदा इतक्या उघडपणे समोर आला. डिसेंबर १९९७ मध्ये प्रियस जपानमध्ये विक्रीला आली.

प्रियसच्या पोटात नेहमीचा गिअरबॉक्स नाही. इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर एका ग्रहमालिका गिअरने कायमचे जोडलेले असतात. पुढे जाताना आणि मागे जाताना दात बदलत नाहीत. रिव्हर्स म्हणजे मोठी मोटर उलटी फिरवणं, न्यूट्रल म्हणजे मोटरींची वीज थांबवणं. म्हणून न्यूट्रलमध्ये मोठी बॅटरी भरली जात नाही आणि गाडी फार वेळ तशी ठेवू नये असं मालकाच्या पुस्तकात बजावलेलं असतं. खरीखुरी लोखंडी हालचाल उरते ती फक्त पार्कची: एक खिळी येऊन दात अडवते.

त्यामुळे २००३ मध्ये दुसऱ्या पिढीची प्रियस आली तेव्हा टोयोटाने दांड्याचं लोखंडी नातं तोडून टाकलं. डॅशबोर्डवर अंगठ्याएवढा दांडा आला. तो डी-कडे ढकलावा आणि सोडावा, की परत मधल्या जागी येतो. पार्कसाठी वेगळं बटण. दांडा आता संगणकाकडे निरोप धाडतो आणि संगणक तो मान्य करतो किंवा नाकारतो. ब्रेकवर पाय नसेल, गाडी ‘रेडी’ (म्हणजे चालायला तयार) नसेल, वेग जास्त असेल, तर निरोप नाकारला जातो. पार्कची खिळी हलवायला एक छोटी मोटर असते, एडसेलच्या मोटरची दूरची नातलग. फरक इतकाच की ही आपली जागा मोजते आणि चुकली तर बिघाडाचा कोड नोंदवून ठेवते.

आता मुख्य मुद्दा. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी निकेल-मेटल हायड्राइडची: दुसऱ्या पिढीत १६८ सेल, २०१.६ व्होल्ट. बॅटरीची वीज मोटरींजोगी करून देणाऱ्या इन्व्हर्टरमधला बूस्ट कन्व्हर्टर तो दाब वाढवून ५०० व्होल्टपर्यंत नेतो. दुसरी साधी, बारा व्होल्टची, मागच्या डिकीत उजव्या कोपऱ्यात बसवलेली. इंजिन फिरवण्याचं काम तिच्याकडे नाही, ते मोठी बॅटरी जनरेटरकरवी करते. म्हणून ती आकाराने लहान ठेवली आहे. पण सगळे संगणक, पार्कची मोटर आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले हे तिच्यावर चालतात. धान्याची कोठारं भरलेली आणि किल्ली घरात आजारी पडलेल्या म्हाताऱ्याच्या कमरेला, अशी ही व्यवस्था आहे. बारा व्होल्ट खाली गेले की दोनशे व्होल्ट निरुपयोगी.

साध्या गाडीची बॅटरी मरताना आवाज देते. सेल्फ जड ओढू लागतो, इंजिन उशिरा घेतं, आणि मालकाला आठवडाभर आधी समजतं. प्रियससारख्या हायब्रिडमध्ये सेल्फच नाही, त्यामुळे हा इशाराही नाही. व्होल्टेज हळूहळू घसरत जातं आणि एके दिवशी बटण दाबल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात: ब्रेकचा, स्टिअरिंगचा, लाल त्रिकोण, पार्क चमकत राहतं, दांडा कितीही ढकलला तरी गाडी ऐकत नाही. घाबरलेल्या मालकाला वाटतं की मोठी बॅटरी गेली, लाखाचा खर्च आला. प्रत्यक्षात एकेका संगणकाला पुरेसे व्होल्ट मिळालेले नसतात आणि प्रत्येक जण शेजारच्याशी बोलणं तुटल्याची तक्रार नोंदवत असतो. त्यातच डिकीचं कुलूपही विजेचं, म्हणजे उतरलेली बॅटरी अशा जागी जिथे तिच्यामुळेच पोचता येत नाही. टोयोटाने यासाठी बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये जंप देण्याचं एक टोक ठेवलं आहे. ते माहीत नसल्यामुळे किती गाड्या विनाकारण टो करून नेल्या गेल्या असतील.

कारागिरांनी यावर आपली रीत बसवली. आधी मल्टिमीटर, मग बाकी सगळं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी. बारापाशी आली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. गाडी रेडी केल्यावर मीटर चौदाच्या जवळ जायला हवा, न गेल्यास मोठ्या बॅटरीतून लहान बॅटरी भरणारा कन्व्हर्टर तपासायचा. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये एक छुपा पडदाही आहे. माहितीचं बटण दाबून ठेवून पार्किंगचे दिवे तीनदा चालू-बंद केले की तो उघडतो आणि बारा व्होल्टच्या बॅटरीचं मोजमाप दाखवतो. मालकांनी एकमेकांना शिकवत ही युक्ती जगभर पोचवली.

अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ओबीडी-२ चं सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं. त्यात रीडर लावून कोड काढता येतात. पण स्वस्तातला रीडर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतो, हायब्रिडच्या संगणकापर्यंत तो पोचत नाही. शिवाय टोयोटाने मुख्य कोडखाली आणखी एक उपकोड ठेवला. पी-०एए६ म्हणजे उच्च दाबाची वीज गाडीच्या पत्र्याकडे गळते आहे, इतकंच कळतं. ती बॅटरीतून गळते की मोटरीतून की एसीच्या कॉम्प्रेसरमधून, हे उपकोड पाहिल्याखेरीज समजत नाही. मोठ्या बॅटरीकडे बोट दाखवणारा पी-०ए८० वाचून घाईने अख्खी बॅटरी बदलणाऱ्यांनी पुष्कळदा हे पाहिलेलंच नसतं की मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला आहे, किंवा मागच्या सीटशेजारचं हवेचं तोंड धुळीने आणि कुत्र्याच्या केसांनी तुंबल्यामुळे बॅटरी तापते आहे. इन्व्हर्टर थंड ठेवणारा छोटा विजेचा पंप बंद पडला तरीही गाडी ताकद आवरून घेते.

या कामात हात घालताना उच्च दाबाची वीज नेणाऱ्या नारिंगी रंगाच्या केबलींना मान द्यावा लागतो. मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग ओढल्यावर इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे होईपर्यंत किमान पाच मिनिटं थांबायचं, हजार व्होल्टचे रबरी मोजे घालायचे आणि शून्य व्होल्ट मोजूनच पाना लावायचा. हे शिकवणारे लोक पुढे आले. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरचे क्रेग व्हॅन बाटेनबर्ग गॅरेजवाल्यांना हायब्रिडचे धडे देऊ लागले, तर सॅन फ्रान्सिस्कोत कॅरोलिन कोक्विलेट यांनी २००७ मध्ये हायब्रिडवर भर देणारं ‘लशस गॅरेज’ काढलं. तिकडे मंगोलियाच्या उलानबातरमध्ये जपानहून आलेल्या जुन्या प्रियसचा पूर लोटला. उणे तीस अंशांत साधी बॅटरी सेल्फ ओढायला नकार देते, प्रियस मात्र सुरू होते, हे तिथल्या लोकांनी हेरलं होतं.

कारागीर सुधारू शकत नाही असा बिघाडही असतो. २००५ मध्ये दुसऱ्या पिढीच्या प्रियस चालता चालता बंद पडू लागल्या. दोष सॉफ्टवेअरचा निघाला आणि अमेरिकेतल्या सुमारे ७५,००० मालकांना नवं सॉफ्टवेअर घालून घेण्याची पत्रं गेली. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिसऱ्या पिढीच्या १९ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. बूस्ट कन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर जोराच्या वेळी जास्त तापून बिघडत होते. अशा वेळी गाडीने कमी ताकदीवर का होईना चालत राहावं अशी सोय होती. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये पुन्हा सुमारे २४ लाख हायब्रिड बोलवाव्या लागल्या, कारण काही प्रसंगी ही सोयच लागू होत नव्हती आणि गाडी पूर्ण बंद पडत होती. त्यातल्या पुष्कळ गाड्या आधीच्या दुरुस्तीतून गेलेल्याच होत्या. ताकद कमी होणं आणि ताकद संपणं यांत रस्त्यावरच्या माणसासाठी जीवनमरणाचं अंतर असतं. ते अंतर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने आधी मनात मोजायला हवं.

मधल्या जागी परतणाऱ्या दांड्याचा धोका वेगळ्याच गाडीने दाखवला. २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरला जीप ग्रँड चेरोकीसह सुमारे ११ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दांडा कुठे आहे हे हाताला कळत नव्हतं आणि चालक गाडी पार्कमध्ये आहे असं समजून उतरत होते. त्याच वर्षी जूनमध्ये अभिनेता अँटन येल्चिन याचा आपल्याच घरच्या उतारावर अशा घरंगळलेल्या गाडीने चिरडून मृत्यू झाला. गाडी बंद करताच पार्क आपोआप लागावा, हा प्रियसमधला नियम किती मोलाचा आहे ते इथे कळतं.

भारतात होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली, टोयोटाने २०१० मध्ये प्रियस. दोन्ही महागड्या, मोजक्या लोकांनी घेतलेल्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाशी भागीदारी करून कंपनी स्थापली ती १९९७ मध्ये, म्हणजे प्रियसच्याच वर्षी. त्या कंपनीच्या बिडदी कारखान्यात २०१३ पासून कॅमरी हायब्रिड जुळू लागली, आणि २०२२ मध्ये हायरायडर, ग्रँड विटारा आणि इनोव्हा हायक्रॉस आल्यावर हायब्रिड मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये पोचली. वॉरंटी संपेल तसतशा या गाड्या पुण्या-कोल्हापूरच्या लहान गॅरेजांत येऊ लागतील. तिथे जुन्या हाताला एक सवय मोडावी लागेल: दिवे लागलेले दिसले की आधी बॅटरीची तार सोडून पाहण्याची. तार सोडली की दिवे विझतात, पण बिघाड कोणत्या क्षणी, किती वेगाला, किती व्होल्टवर झाला हे संगणकाने टिपून ठेवलेलं त्याबरोबर पुसलं जाऊ शकतं. कोड, उपकोड आणि त्या क्षणाची आकडेवारी आधी कागदावर उतरवायची, बारा व्होल्ट मोजायचे, टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि अर्थिंगचा बोल्ट पाहायचा, आणि मगच पाना उचलायचा.