‘बराअत’ : धर्मसमाजातून बहिष्कार आणि दुभंगलेली घरे

आपल्या अनुयायास समाजाबाहेर काढण्याचा अधिकार धर्मगुरूंना आहे काय, आणि असल्यास त्यास राज्यघटनेचे संरक्षण मिळते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. दाऊदी बोहरा समाजातील सुधारणावाद्यांच्या मध्यवर्ती मंडळाने ही याचिका १९८६ मध्ये दाखल केली होती. याचिकेचा विषय त्याहून जुना आहे. त्याची मुळे १९६२ च्या एका निर्णयात, १९४९ च्या एका कायद्यात आणि त्याही आधी बुऱ्हाणपूरच्या एका दाव्यात सापडतात.

दाऊदी बोहरा हा इस्माइली शिया पंथातील समाज असून त्याची लोकसंख्या जगभरात सुमारे दहा लाख असल्याचे मानले जाते. गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान व मध्य प्रदेशात त्यांची मोठी वस्ती आहे. पंथाचे मुख्यालय मुंबईत आहे. समाजाच्या श्रद्धेनुसार एकविसावे इमाम गुप्तवासात गेले, आणि त्यांच्या वंशातील गुप्त इमामांच्या वतीने ‘दाई-अल-मुतलक’ हे पंथाचा कारभार पाहतात. त्यांना आदराने सैयदना म्हटले जाते. वयात येताना प्रत्येक मुलामुलीकडून ‘मिसाक’, म्हणजे निष्ठेची शपथ, घेतली जाते. निकाह, दफन व इतर धार्मिक विधींसाठी दाईंची किंवा त्यांच्या स्थानिक प्रतिनिधीची, म्हणजे आमिलची, ‘रझा’ अर्थात अनुमती लागते.

शपथ मोडणाऱ्यास दिल्या जाणाऱ्या शिक्षेचे नाव ‘बराअत’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ संबंध तोडणे, अलिप्त होणे असा आहे. इंग्रजी मजकुरात तो ज्या पद्धतीने लिहिला जातो, त्यामुळे मराठी वा हिंदी वाचकास प्रथम लग्नाची वरातच आठवते. भाषांतरकाराला येथे क्षणभर थांबावे लागते. मराठीत ‘बहिष्कार’ हा शब्द रूढ असला तरी तो मालावर, निवडणुकीवर, सभेवरही घातला जातो. ‘वाळीत टाकणे’ हा शब्दप्रयोग अर्थाला अधिक जवळचा आहे, कारण त्यात माणूस गावातच राहतो, मात्र गावाचा राहत नाही.

ही प्रथा एखाद्या समाजापुरती नाही, याची आठवण महाराष्ट्राला वेगळी करून द्यावयास नको. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याची नावे वृत्तपत्रात छापून आली आणि त्यातून ग्रामण्य उभे राहिले. लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे दोघेही त्यात गोवले गेले. स्वतःस प्रायश्चित्ताची गरज न वाटणाऱ्या रानडे यांनी स्नेह्यांच्या घरची कोंडी पाहून १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, आणि त्याबद्दल सुधारकांचा रोष ओढवून घेतला. बहिष्काराचा भार पुरुषाच्या मतावर पडण्याआधी त्याच्या घरातील मंगलकार्यांवर, श्राद्धपक्षावर आणि माहेरवाशिणींच्या येण्याजाण्यावर पडतो, हे त्या प्रकरणातही दिसून आले होते.

कायद्याचा मागोवा

ब्रिटिश अमदानीत १८५० साली झालेल्या कायद्याने जातीतून काढलेल्या किंवा धर्मांतर केलेल्या व्यक्तीचा वारसाहक्क अबाधित ठेवला. वडिलोपार्जित घरातील हिस्सा त्यामुळे वाचला. त्या घरात कोणी बोलेल की नाही, हा विषय मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

बुऱ्हाणपूर येथील बोहरांच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९४७ च्या अखेरीस निर्णय दिला. दाईंना बहिष्काराचा अधिकार आहे, तथापि तो अमर्याद नाही. त्यापूर्वी संबंधितास पूर्वसूचना व बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे त्या निर्णयाचे सार होते. त्यानंतर दोन वर्षांतच मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने बहिष्कार प्रतिबंधक कायदा, १९४९ संमत केला. कोणत्याही समाजाच्या सदस्यावरील बहिष्कार वैध असणार नाही, असे त्यात नमूद होते. भंग करणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. दिवाणी दाव्याने मिळवता येतात अशाच हक्कांपासून वंचित करणे, अशी बहिष्काराची व्याख्या त्या कायद्याने केली होती. प्रार्थनास्थळात जाण्याचा, दफनाचा वा दहनाचा हक्क त्यात येत होता. बहिणीने भावाकडे जाणे थांबवले, तर त्यासाठी दावा लावण्याची सोय कोणत्याच न्यायालयात नव्हती.

एका बहिष्कृत बोहरा गृहस्थाने या कायद्याच्या आधारे दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. एकावन्नावे दाई सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ९ जानेवारी १९६२ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. पंथाची शिस्त व एकता राखण्यासाठी धार्मिक कारणावरून केलेला बहिष्कार हा धर्मविषयक व्यवहारांच्या व्यवस्थापनाचाच भाग असून त्यास अनुच्छेद २६ चे संरक्षण आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. बहिष्कृताच्या नागरी हक्कांवर त्याचा परिणाम होतो, एवढ्याने हे संरक्षण नाहीसे होत नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी विरोधी मत नोंदवले. बहिष्कृत व्यक्तीची स्थिती अस्पृश्यासारखी होते आणि अनुच्छेद १७ ज्या मानवी प्रतिष्ठेसाठी आहे तिच्याशीच हा प्रश्न निगडित आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. बहुमताच्या निकालातही एक दार किलकिले राहिले आहे. एखादी अनिष्ट सामाजिक रूढी मोडल्याबद्दल होणारा बहिष्कार रोखणे ही समाजसुधारणा ठरू शकेल, मात्र १९४९ च्या कायद्याने धार्मिक कारणांचा बहिष्कारही सरसकट रोखला, असा तो भेद होता. मग कोणते कारण धार्मिक व कोणते सामाजिक, हे ठरवणार कोण? पुढील साठ वर्षांचा वाद प्रामुख्याने याच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. सुधारणावाद्यांच्या बहुतेक मागण्या श्रद्धेविषयी नव्हत्याच. समाजाकडून जमा होणाऱ्या निधीचा हिशेब मिळावा, स्थानिक संस्थांचा कारभार लोकशाही पद्धतीने चालावा आणि ऐहिक व्यवहारांत रझेची सक्ती नसावी, अशा त्या होत्या. दाई हे इमामांचे प्रतिनिधी असल्याने त्यांच्या अधिकारात ऐहिक व धार्मिक असा भेदच करता येत नाही, अशी धर्मपीठाची भूमिका राहिली आहे.

उदयपूरची फाळणी

या वादाचा सर्वात मोठा कौटुंबिक परिणाम राजस्थानातील उदयपूरने पाहिला. तेथे १९७० च्या सुमारास बोहरा तरुणांनी स्थानिक निवडणुकीत स्वतंत्रपणे भाग घेतला व यशही मिळवले. धर्मपीठाशी मतभेद वाढत गेले आणि काही वर्षांतच समाज दोन गटांत विभागला. शहरात आजही या गटांना ‘यूथ’ व ‘शबाब’ अशी नावे आहेत. इतर गावांत बहिष्कार एखाद्या व्यक्तीवर किंवा घरावर असे. उदयपुरात बहिष्कृतांची संख्याच इतकी मोठी होती की त्यांनी आपले विवाह, आपली जमात व आपले विधी स्वतंत्रपणे चालू ठेवले. एका अर्थाने त्यांना आधार मिळाला; पण रेषा घरांमधून गेली. एकाच मोहल्ल्यात समोरासमोर राहणारे सख्खे भाऊ परस्परांच्या लग्नाला जाईनासे झाले.

अशा विभाजनात सर्वाधिक ओढाताण होते ती विवाहित स्त्रीची. माहेर एका बाजूस व सासर दुसऱ्या बाजूस असेल, तर दोन्ही घरी पाऊल ठेवणे अशक्य होते. माहेरी जाऊन आल्यास सासरच्यांची रझा रोखली जाण्याची भीती असते, आणि रझा रोखली गेली की नणंदेचे लग्न अडते. शिक्षा एका व्यक्तीला झालेली असते. तिची अंमलबजावणी मात्र नातेवाइकांकडून करून घेतली जाते. बहिष्कृताशी संबंध ठेवणारा स्वतःही बहिष्कारास पात्र ठरतो, या एका नियमावर ही सारी व्यवस्था उभी आहे. समाज व्यापारी आहे. उधारी, भागीदारी व गिऱ्हाईक ही सर्व बहुतांशी आपसांत असल्याने घरातील अबोल्यापाठोपाठ दुकानातील अबोलाही येतो.

या तक्रारींची चौकशी करण्यासाठी जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ या संस्थेने निवृत्त न्यायमूर्ती नरेंद्र नथवाणी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. धर्मपीठाने या आयोगास विरोध केला. हा शासकीय आयोग नव्हता व त्यास साक्षीसाठी कोणास बोलावण्याची सत्ताही नव्हती, हे त्याचा आधार घेताना विसरता कामा नये. आयोगाचा अहवाल १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाच्या तक्रारींत तथ्य असल्याचे आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायद्याची आवश्यकता असल्याचे मत त्यात व्यक्त झाले.

सुधारणावादी चळवळीचे सर्वपरिचित नेते डॉ. असगर अली इंजिनियर हे राजस्थानातील सलुंबर येथे एका आमिलच्या घरात जन्मले. मुंबई महापालिकेत त्यांनी अभियंता म्हणून नोकरी केली. त्यांना २००४ मध्ये स्वामी अग्निवेश यांच्यासमवेत ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. मे २०१३ मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यांनी पंथ सोडला नव्हता. आपण श्रद्धाळू बोहराच आहोत, असे ते अखेरपर्यंत सांगत असत. बहिष्कृतांपैकी अनेकांची स्थिती अशीच असते. त्यांनी धर्म सोडलेला नसतो, धर्मसमाजाने त्यांना सोडलेले असते.

जानेवारी २०१४ मध्ये बावन्नावे दाई सैयदना मोहम्मद बुऱ्हाणुद्दीन यांच्या निधनानंतर वारसाचा वाद उद्भवला, तेव्हा काही घरांत पुन्हा तशीच रेषा ओढली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये सैयदना मुफद्दल सैफुद्दीन यांच्या बाजूने निकाल दिला.

समाजातील बहुसंख्य कुटुंबे धर्मपीठाशी एकनिष्ठ आहेत व शिक्षण, गृहबांधणी, सामूहिक भोजन यांसारख्या उपक्रमांचा लाभ घेत आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. ज्यास पंथाचे नियम मान्य नाहीत त्याने पंथात राहण्याचा आग्रह का धरावा, हा त्यांचा प्रश्न अप्रस्तुत नाही. मात्र बाहेर पडण्याची किंमत आईवडिलांच्या अंत्यविधीस मुकणे अशी असेल, तर त्या निवडीस कितपत मुक्त म्हणावे, हा प्रतिप्रश्नही तितकाच रास्त आहे.

महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा

महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा संमत केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. त्यामागे मुख्यतः जातपंचायतींचा जाच व रायगड जिल्ह्यातील गावकीच्या बहिष्काराची प्रकरणे होती. तथापि ‘समाज’ या शब्दाची व्याख्या जन्म, धर्मांतर किंवा धार्मिक विधीने एका पंथात असलेल्या सर्वांना लागू होईल अशी आहे. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सामाजिक संबंध तोडण्यास लावणे, विवाह वा अंत्यविधीस अटकाव करणे यांचाही त्यात समावेश आहे. १९४९ च्या कायद्यास जे शब्दांत पकडता आले नव्हते, त्याच्या जवळपास हा कायदा पोहोचतो. फिर्याद मात्र आपल्याच काका-मामांविरुद्ध द्यावी लागते, त्यामुळे पोलीस ठाण्याची पायरी चढण्यास अनेकजण धजावत नाहीत.

या कायद्याने १९४९ चा कायदा रद्द केला. त्यामुळे जुनी याचिका निरर्थक झाली, असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात करण्यात आला. परंतु धार्मिक बहिष्कारास घटनात्मक संरक्षण आहे की नाही हा प्रश्न कायम राहतो, असे २०२३ मध्ये घटनापीठाने म्हटले.

इतर देश, इतर पंथ

यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथात काढून टाकलेल्या सदस्याशी बोलणे टाळण्याची शिस्त आहे. राष्ट्रगीतासंबंधी १९८६ च्या केरळमधील प्रसिद्ध खटल्यामुळे हा पंथ भारतीय वाचकांस परिचित आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा एका प्रकरणात हस्तक्षेपास नकार दिला. बेल्जियममध्ये २०२१ साली कनिष्ठ न्यायालयाने पंथास दंड केला. २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो रद्द ठरवला. पंथाने स्वतःच २०२४ मध्ये नियम काहीसे सैल केले आणि काढलेली व्यक्ती सभेस आली तर तिचे थोडक्यात स्वागत करण्यास मुभा दिली.

केरळमधील क्नानाया कॅथलिक समाजात समाजाबाहेर विवाह करणाऱ्याचे सदस्यत्व जाण्याची प्रथा आहे. कोट्टयम येथील न्यायालयाने २०२१ मध्ये ती अवैध ठरवली व जिल्हा न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय कायम केला.

वलसाड येथील एका पारशी महिलेचे प्रकरण याहून वेगळे असले तरी त्याच प्रश्नाशी जोडले गेले आहे. परधर्मीयाशी विवाह केल्याने ती पारशी राहिली नाही, असे गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बहुमताने म्हटले होते. तिची मागणी एवढीच होती की, वृद्ध मातापित्यांचा मृत्यू झाल्यास त्यांच्या अंत्यविधीच्या प्रार्थनेस तिला उपस्थित राहता यावे. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी सुरू असताना डिसेंबर २०१७ मध्ये वलसाडच्या पारशी अंजुमनने तशी अनुमती देण्याची तयारी दर्शवली.