आहारविकार : पालकांचा प्रभाव

मुलांच्या आहारविकारांत पालकांचा प्रभाव खरा असतो. पण तो विकार जन्माला घालण्यापेक्षा त्याला खतपाणी मिळण्यात किंवा मूल त्यातून बाहेर येण्यात अधिक दिसतो. वजन वाढण्याच्या धास्तीने अन्न तोडणे म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. एका बैठकीत भरमसाट खाऊन ते ओकून काढणे हे बुलिमियाचे मुख्य लक्षण. लहान मुलांत चव, वास किंवा घशात अडकण्याची भीती यांमुळे अन्न टाळण्याचा वेगळा विकार आढळतो. जुळ्यांवरील अभ्यासांत अनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसला आहे. एकाच घरात वाढलेल्या दोन बहिणींपैकी एकीलाच आजार होतो, यामागे तेही एक कारण असू शकते.

पालकांवर ठपका ठेवण्याची सवय जुनी आहे. 1873 मध्ये पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी नोंदवले की, घरची माणसे आधी विनवणी करतात, मग धमकावतात आणि दोन्ही उपाय वाया जातात. लंडनच्या विल्यम गल यांना तर आप्त म्हणजे रुग्णाचे सर्वांत वाईट शुश्रूषक वाटत. पुढे 1978 मध्ये साल्व्हादोर मिनुचिन यांनी एकमेकांत अति गुंतलेले, भांडण दडपणारे कुटुंब हा आजाराचा साचा मांडला. असे एकच ठरावीक कुटुंब नंतरच्या संशोधनात सापडले नाही. आहारविकारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2010 मध्ये कुटुंबाला मूळ कारण मानण्याचा सिद्धांत स्पष्टपणे नाकारला.

घरातल्या बोलण्याचा परिणाम मात्र मोजता आला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथील 2013 च्या अभ्यासात ज्या घरी पालक वजनाबद्दल बोलत, तिथल्या किशोरांत उपाशी राहण्यासारखे प्रकार अधिक आढळले. सकस खाण्याबद्दल बोलणाऱ्या घरांत ते कमी होते. खाऊ कुलपात ठेवला की मुलाचे लक्ष त्याच डब्याकडे जाते आणि ‘संपव’ म्हणून मागे लागले की तोच पदार्थ नकोसा होतो, हेही प्रयोगांतून दिसले आहे.

मुंबईत गिरगावच्या चाळींत किंवा लालबाग-परळच्या गिरणगावात ही बोलणी दहा बाय बाराच्या खोलीत, सगळ्यांदेखत होतात. ‘किती वाळलीस’ आणि ‘अंगाने सुटलीस’ ही दोन्ही वाक्ये आत्या, शेजारीण, गणपतीला आलेले पाहुणे सहज टाकतात. मुलगी लग्नाची झाली की त्यांना धार येते. ताटात टाकू न देण्यामागे मात्र वेगळा इतिहास असतो. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात ज्यांच्या घरची चूल कशीबशी पेटत होती, त्यांना उष्टे टाकणे सहन होत नाही, यात नवल नाही.

उपवासाचा प्रश्न सर्वांत अवघड. सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण अशी आड घेतली की अन्न तोडणे भक्तीत खपून जाते आणि कौतुकही होते. पण घरच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी असते. विकारातला उपवास तेही टाळतो. हा फरक आईला सहज ओळखता येतो, फक्त तो शोधला पाहिजे. चाळीत संडास मजल्याच्या टोकाला असल्याने जेवणानंतरचे ओकणे मात्र घरच्यांच्या कानावर पडत नाही. पाळी थांबणे, चक्कर येणे, ढगळ कपडे घालणे, पंगत टाळणे या खुणा अशा वेळी अधिक उपयोगी ठरतात.

भारतात हा आजार नेहमी लठ्ठपणाच्या भीतीच्या रूपात येत नाही. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील रुग्णनोंदींत तरुणींना अन्न जात नव्हते, उलट्या होत होत्या, वजन घटले होते. पण आपण जाड आहोत असे त्यांना वाटत नव्हते. अशा मुलीला पालक पोटाच्या डॉक्टरकडे नेतात, भुकेचे टॉनिक आणतात, दृष्ट काढतात. महिने त्यात जातात. परळला के. ई. एम. आणि लहान मुलांचे वाडिया ही रुग्णालये जवळजवळ आहेत. कुठेही नेले तरी तपासणीत शरीर आणि मन दोन्ही पाहिली जाणे महत्त्वाचे.

उपचारात पालक पुन्हा केंद्रस्थानी येतात. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील 1987 च्या चाचणीत, ज्या किशोरांचा आजार तीन वर्षांच्या आतला होता, त्यांना कुटुंबासह केलेल्या उपचाराने अधिक फायदा झाला. या पद्धतीत दोष कुणाचाच मानत नाहीत. आधी काय व किती वाढायचे हे पालक ठरवतात आणि मूल जेवेपर्यंत शांतपणे सोबत बसतात; वजन सावरले की निर्णय हळूहळू मुलाकडे जातात. एकत्र कुटुंबात आजी ‘राहू दे, नको जबरदस्ती’ म्हणाली की बेत फसतो, म्हणून तिलाही बैठकीला बोलवावे लागते. फार खंगलेल्या मुलाला घरी एकदम भरपेट खाऊ घालणे धोक्याचे असते. रक्तातील क्षार बिघडून हृदयावर ताण येऊ शकतो, त्यामुळे सुरुवात रुग्णालयात करावी लागते. घरात मारहाण किंवा छळ असेल, तर हा उपचार त्याच स्वरूपात चालवत नाहीत.