कापूस, राळ आणि मराठ्यांचे आरमार

श्रीरंगपट्टणच्या संगमावर पाहुण्यांना घेऊन गेलेला म्हैसूरचा मराठी माणूस केव्हा ना केव्हा हरिगोलात बसलेला असतो. बांबूच्या या गोल टोपलीला पूर्वी कातडे मढवीत. आता प्लॅस्टिक बसवून डांबर फासतात. त्या डांबराचा वास आला की माझ्यासारख्या कोकणात जन्मलेल्या माणसाला गावची पुळण आणि तीवर उपड्या पडलेल्या होड्या आठवतात.

आरमार म्हटले की आपल्यापुढे कान्होजी आंग्रे, तोफा आणि जलदुर्ग उभे राहतात. परंतु लाकडी जहाजाचा पहिला शत्रू पाणी हाच. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर तेथे जहाजबांधणी सुरू झाली, तेव्हापासून हा प्रश्न मराठ्यांपुढेही उभा राहिला असणार. उत्तम सागवान असले तरी दोन फळ्यांच्या सांध्यातून पाणी शिरणारच. पश्चिम किनाऱ्यावरचे सुतार एका फळीच्या कडेला खाच पाडून दुसरी तीत बसवीत आणि मध्ये तेल-राळेत भिजविलेला कापूस भरीत. लाकूड पाण्यात फुगते, उन्हात आक्रसते. सांध्यात टणक लांबी भरली तर ती तडकते. तेलकट कापूस मात्र लाकडाबरोबर दबतो आणि पसरतो. तळाला चुना व चरबी यांचा लेप, वरच्या लाकडाला माशाचे तेल.

सर्वांत अधिक जपावी लागे ती वरची तक्तपोशी. ऊन तिच्यावर थेट पडते, फटी उघडतात आणि पावसाचे पाणी खाली झिरपून कोपऱ्यांत साचते. खाऱ्या पाण्यापेक्षा हे गोडे पाणीच लाकूड लवकर कुजविते! रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या पावसाळी छावणीचा विचार स्वतंत्रपणे केला आहे, तो उगीच नव्हे. सरकारी नोकरीत मी पाहत आलो आहे की, देखभालीची फाईल नेहमी ढिगाच्या तळाशी असते. अमात्यांनी ती वर ठेवली होती.

पुढे 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला. नानासाहेब पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून त्यांच्या साह्यास होते. एक तोफगोळा तुळाजी आंग्रे यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर पडला आणि एकमेकांना लागून उभी असलेली जहाजे पेटत गेली. पाणी बाहेर ठेवण्यासाठी मुरविलेले तेल, राळ आणि कापूस यांनीच ती आग वाढविली असली पाहिजे. आपल्याच राज्याच्या साह्याने आपले आरमार जळाले, ही गोष्ट कोकणातल्या माणसाला अजून बोचते.

किनाऱ्यावरची कला मात्र जळाली नाही, ती दुसऱ्याच्या कामी आली. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी 1817 मध्ये मलबारी सागवानाची ‘त्रिंकोमाली’ बांधली. इंग्लंडात हार्टलपूल येथे ती आजही तरंगत आहे.

विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे मराठ्यांची गोदी आहे. ती खडकात कोरलेली, सुमारे 355 फूट लांब आहे. भरतीच्या पाण्यावर जहाज आत यावे, ओहोटीला तळ उघडा पडावा, आणि सुतारांनी राळेची भांडी घेऊन खाली उतरावे, अशी ती योजना. त्या सुतारांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत मला सापडली नाहीत. गोदीत आता गाळ साचला आहे.