गरम झाली की बाईक सुरूच होत नाही, मीटरही मध्येच बंद पडतं? जुन्या स्पोर्ट्स बाईकचं हे दुखणं एकाच जागी असू शकतं

मे महिन्यातली दुपार. जळगावात पारा ४४-४५ अंशांवर. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत कोणी बाईकवर जळगावला निघतो. साधारण ९० किलोमीटरचा रस्ता. मध्ये रसवंतीवर दहा मिनिटं थांबतो, परत येऊन सेल्फ मारतो आणि बाईक काही सुरू होत नाही. सकाळी घरून निघताना एका सेल्फमध्ये सुरू झालेली असते. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी राहिली की पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू होते.

यालाच गॅरेजच्या भाषेत 'हॉट स्टार्टिंगचा प्रॉब्लेम' म्हणतात. जुन्या स्पोर्ट्स बाईकवर याच्या जोडीला दुसरी तक्रार हमखास असते. मीटर मध्येच बंद पडतं, घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, पेट्रोलचा काटा नाचतो.

खान्देशात आजही पल्सर २२०, करिझ्मा, पहिल्या पिढीची आर १५ अशा बाईक्स भरपूर दिसतात. करिझ्मा २००३ साली आली, इंधन इंजेक्शनवाली पल्सर २२० आली २००७ मध्ये आणि आर १५ आली २००८ मध्ये. पल्सर २२० ला २००९ मध्ये पुन्हा कार्बोरेटर बसला आणि तेच मॉडेल रस्त्यावर सर्वाधिक दिसतं. म्हणजे यातल्या बऱ्याच गाड्यांचं वय आता पंधरा वर्षांच्या पुढे आहे. या वयात वायरिंग, कपलर, रबर आणि कॉइल या सगळ्यांनीच बरेच उन्हाळे सोसलेले असतात.

बहुतेक जण इथे एक चूक करतात. आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग सीडीआय, मग कार्बोरेटर. खिशातले हजारो रुपये जातात आणि बाईक तिथेच. म्हणून आधी नेमकं काय बिघडलंय ते ओळखायचं, मगच पार्ट घ्यायचा.

गाडी थांबल्यावर जास्त का तापते?

गाडी चालत असताना इंजिनवर वारा लागतो. गाडी थांबली की वारा बंद होतो, पण हेडमधली उष्णता लगेच जात नाही. ती आजूबाजूला पसरते. कार्बोरेटर, पेट्रोलचा पाइप, जवळची कॉइल, वायरिंग हे सगळं पुढची दहा-पंधरा मिनिटं तापतच राहतं. म्हणूनच गाडी लगेच बंद करून लगेच चालू केली तर सुरू होते आणि दहा मिनिटांनी होत नाही. वरून हवाच ४५ अंशांची असेल, तर हा ताप उतरायला आणखी वेळ लागतो.

पहिली तपासणी: सेल्फ मारताना मीटरकडे बघा

यासाठी एकही हत्यार लागत नाही. बाईक गरम असताना, सुरू होत नसतानाच हे करायचं. थंड झाल्यावर तपासून उपयोग नाही.

१. सेल्फ दाबल्यावर मीटर मंद होतं किंवा बंद होऊन पुन्हा सुरू होतं, खालून 'कट-कट' आवाज येतो: दोष बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा अर्थिंगमध्ये. इंजिन आणि पेट्रोलला हात लावायची गरज नाही.

२. मीटर झकास पेटलेलं आहे, पण सेल्फ अजिबात हलत नाही: किल स्विच, सेल्फचं बटण, क्लचजवळचा स्विच किंवा सेल्फ रिले बघा.

३. मीटर ठीक आहे, सेल्फही जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही: दोष पेट्रोलमध्ये किंवा स्पार्कमध्ये.

बॅटरी आणि अर्थिंग: दोन्ही तक्रारींचं सामायिक मूळ

गरम इंजिन फिरवताना सेल्फ मोटर मोठा करंट ओढते. त्या क्षणी बॅटरीचा व्होल्टेज पडतो. डिजिटल मीटर हा छोटा कॉम्प्युटरच असतो. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेला की तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. म्हणून काटा झटका मारतो आणि घड्याळ शून्यावर येतं. लोकांना वाटतं मीटर गेलं. खरं तर मीटर बॅटरीची तक्रार सांगत असतं.

साधा मल्टिमीटर असेल तर चार मोजमापं पुरतात:

- गाडी काही तास बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवा. १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी अर्धीच भरलेली आहे.
- सेल्फ मारताना तो ९.५ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकलेली आहे.
- इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.८ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या खाली राहिला तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेक्टिफायर खराब आहे आणि तो बॅटरी, बल्ब, मीटर सगळंच घेऊन जाऊ शकतो.
- मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची वायर किंवा तिचा बोल्ट गंजलेला आहे.

शेवटची दुरुस्ती जवळपास फुकट होते. बोल्ट काढा, वायरचं टोक आणि चॅसीवरची जागा पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वरून थोडं पेट्रोलियम जेली लावा. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्याचं पाणी मिळून हे जोड वर्षा-दोन वर्षांत पुन्हा खराब होतात.

सेल्फ जोरात, तरी इंजिन गप्प

आता प्रश्न पेट्रोल की स्पार्क, एवढाच.

आधी टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. टाकीत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. छिद्र साफ केलं की काम झालं.

सायलेन्सरजवळ पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिन 'ओव्हर' झालंय. कार्बोरेटरच्या गाडीत चोक पूर्ण बंद करा, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि पाच-पाच सेकंद सेल्फ मारा, मध्ये थोडा दम घ्या. असं वारंवार होत असेल तर चोक अडकतोय किंवा फ्लोटची सुई गळतेय. इंजेक्शनच्या गाडीत टेंपरेचर सेन्सर तपासून घ्या. तो चुकला तर गरम इंजिनलाही ईसीयू थंड समजतो आणि जास्त पेट्रोल सोडतो.

वास नाही आणि प्लग कोरडा आहे, तर पाइपमध्ये किंवा कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ अडकलेली असू शकते. ओला कपडा कार्बोरेटरवर दोन मिनिटं ठेवा. तापलेल्या इंजिनवर थेट पाणी मात्र ओतू नका, अचानक थंड झालेला धातू तडकू शकतो.

पेट्रोल येतंय, तरी सुरू नाही? मग कॉइल. कॉइलमधली तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, आणि जुनी, आतून तडकलेली तार तापून पसरली की तिचा जोडच सुटतो. थंड झाली की पुन्हा चिकटते. म्हणून गॅरेजमध्ये थंड गाडीवर तपासलं तर सगळं ओके दिसतं. इग्निशन कॉइल आणि इंजिनच्या कव्हरमधली पिकअप कॉइल, दोन्ही गरम असतानाच मोजायला सांगा. पल्सर २२० मध्ये एका सिलेंडरला एकापेक्षा जास्त प्लग असतात, तेव्हा सगळे तपासा. स्पार्क बघताना प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, तिथे पेट्रोलची वाफ असते.

आरपीएमचा काटा काय सांगतो?

गाडी चालता चालता बंद पडत असेल तर ही युक्ती कामाची आहे. ज्या गाडीत आरपीएमचा काटा इग्निशनच्या सिग्नलवर चालतो, तिथे गाडी गिअरमध्ये लोळत असताना काट्याकडे एक नजर टाका. काटा झटक्यात शून्यावर पडला तर पिकअप कॉइल, सीडीआय किंवा त्यांची वायर. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला तर स्पार्क शाबूत आहे, पेट्रोलकडे बघा. रस्ता मोकळा असेल तरच हे करा.

हे सगळं ठीक असेल तर टॅपेट तपासा. टॅपेट फार टाइट असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं. थंडीत सुरू, गरमीत बंद, हे याचंही लक्षण आहे.

मीटरच्या बाकी तक्रारी

- उन्हात डिस्प्ले काळा पडतो, सावलीत परत येतो: एलसीडीमधला द्रव ठरावीक तापमानापलीकडे आपला गुण हरवतो. मीटर खराब नाही. पार्किंगमध्ये वर कपडा टाका.
- स्पीड शून्य दाखवतं: पुढच्या चाकाजवळची केबल किंवा सेन्सर आणि त्याचा कपलर बघा. बऱ्याचदा चिखल किंवा तुटलेली वायर सापडते.
- पेट्रोलचा काटा नाचतो: टाकीतल्या फ्लोटची घासलेली पट्टी किंवा त्याची सैल अर्थिंग.
- मीटरच्या आत वाफ: प्रेशर वॉशरचं पाणी शिरलंय. धुताना मीटर आणि स्विचवर प्रेशर मारू देऊ नका.

बाहेरून बसवलेले एलईडी आणि मोठे हॉर्न मूळ वायरिंग कापून जोडलेले असतील, तर आधी ते काढून बघा.

ही घाई का करायची?

ट्रकच्या वर्दळीत, लळिंग घाटाच्या चढावर गाडी बंद पडणं म्हणजे नुसता वेळ जाणं नव्हे. रात्री त्याच वेळी बॅटरीही मेलेली असेल, तर टेल लॅम्पही पेटत नाही आणि मागच्या ड्रायव्हरला उभी गाडी दिसत नाही. अशा वेळी आधी गाडी रस्त्याच्या कडेला पूर्ण बाहेर घ्या, मग सेल्फ मारा. पल्सर २२० ला किक नाही, त्यामुळे बॅटरीचं दुखणं उन्हाळ्याआधी काढलेलं बरं. बॅटरीची वायर काढून इंजिन चालू ठेवायचा उद्योग करू नका. व्होल्टेज एकदम चढतो आणि चांगलं मीटर त्यातच जळतं.

जुनी गाडी विकत घेणार असाल तर थंड गाडीच्या एका सेल्फवर भुलू नका. वीस मिनिटं चालवा, दहा मिनिटं बंद ठेवा आणि मग सुरू करून बघा. मीटर कधी बदललंय का, हेही विचारा. बदलेल्या मीटरवरचे किलोमीटर गाडीचे नसतात, त्या मीटरचे असतात.