किक ते सेल्फ : मोटारसायकलची प्रारंभयंत्रणा आणि दोषनिदानाचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधकांच्या आणि कारखान्यांच्या अंगाने लिहिला जातो. यंत्र बिघडल्यावर त्याचे काय केले गेले, हा भाग त्यात क्वचितच येतो. वस्तुतः कोणतेही यंत्र समाजात रुजते ते त्याच्या दुरुस्तीसह रुजते. या दृष्टीने मोटारसायकलच्या प्रारंभयंत्रणेचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. ‘गाडी सुरू होत नाही’ ही तक्रार शंभर वर्षांपासून तीच आहे. मात्र तिचे उत्तर शोधण्याची रीत मुळापासून बदलली आहे. या बदलात बॅटरी आणि स्टार्टर मोटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील ‘सेल्फ’, यांचा वाटा कोणता आणि त्यातून निदानाचे ज्ञान कोणाच्या हाती गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाय आणि मॅग्नेटो

आरंभीच्या मोटारसायकली पेडल मारून किंवा ढकलत नेऊन सुरू केल्या जात. इंग्लंडमधील अल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी १९०८ च्या सुमारास आपल्या मोटारसायकलीला पायाने मारावयाची किक दिली आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली. ठिणगीसाठी बहुतेक गाड्यांवर मॅग्नेटो असे. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. इंजिन फिरले की तो स्वतःच वीज निर्माण करतो. त्यामुळे त्या काळातील निदान दोनच प्रश्नांभोवती फिरे : प्लगला करंट येतो का, आणि पेट्रोल येते का. प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवायचा, किक मारायची आणि ठिणगी पाहायची. इंजिन फिरते की नाही हा प्रश्न विचारण्याचे कारणच नव्हते, कारण ते फिरवणारा पाय स्वतःचा होता. कॉम्प्रेशन उतरले असेल तर तेही पायालाच कळे.

केटरिंग यांचा हिशेब

पुनःपुन्हा भारित करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी गॅस्टन प्लांटे यांनी १८५९ मध्ये सिद्ध केली होती. तरीही इंजिन विजेने फिरवण्याची कल्पना प्रदीर्घ काळ अव्यवहार्य मानली गेली, कारण त्यासाठी लागणारी मोटर इंजिनाइतकीच बोजड होईल असा समज होता. चार्ल्स केटरिंग यांनी तो खोडून काढला. डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत असताना त्यांनी गल्लापेटीसाठी विजेची मोटर योजली होती. क्षणभरच काम करावयाचे असेल तर लहान मोटरीवर तिच्या नेहमीच्या क्षमतेच्या कितीतरी पट भार टाकता येतो, हे त्यांना तेथे उमगले होते. याच तत्त्वावरील त्यांचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीवर आला.

या तत्त्वातच पुढील सर्व दोषांचे बीज आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. सेल्फ हे यंत्र मुळातच काही सेकंदांच्या अतिभारासाठी घडवलेले आहे. इंजिन पकडत नाही म्हणून बटण दाबून धरले की मोटर तापते, कार्बन झिजतात आणि बॅटरी उतरते.

मोटारसायकलवर हा प्रयोग लगेचच झाला आणि लगेचच फसला. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील इंडियन कंपनीने १९१४ साली ‘हेंडी स्पेशल’ हे मॉडेल विजेच्या स्टार्टरसह बाजारात आणले. मोटर चालली, पण बॅटऱ्या टिकल्या नाहीत, आणि ते मॉडेल एका हंगामातच मागे घ्यावे लागले. दुचाकीच्या इतिहासातील सेल्फची ही पहिली तक्रार बॅटरीचीच होती.

त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ मोटारसायकल किकवरच राहिली. होंडाने १९६० मध्ये सुपर कबची सेल्फ असलेली सी-१०२ ही आवृत्ती काढली, हार्ले-डेव्हिडसनची इलेक्ट्रा ग्लाइड १९६५ मध्ये आली आणि १९६९ च्या होंडा सीबी-७५० नंतर मोठ्या गाडीला सेल्फ असणे ही अपेक्षाच झाली. ब्रिटिश कारखाने मागे पडले. नॉर्टन कमांडोला १९७५ मध्ये बसवलेला स्टार्टर इतका दुबळा होता, की किकला मदतनीस अशीच त्याची ख्याती झाली.

भारतीय अनुभव

भारतात किकचे राज्य अधिक काळ टिकले. मद्रास येथे १९५५ पासून जुळणी होऊ लागलेल्या बुलेटच्या हेडलॅम्पवरील आवरणात एक ॲम्पिअर-मीटर असे आणि हँडलला डीकॉम्प्रेसरचा खटका असे. जाणता चालक किक सावकाश दाबत त्या मीटरच्या काट्याकडे पाही. पॉइंट मिटलेले असताना काटा प्रवाह दाखवी, ते उघडले की मध्यावर येई. पिस्टन नेमका कोठे आहे हे त्यावरून ताडून, डीकॉम्प्रेसर सोडून, मग जोरात किक मारायची. म्हणजे गाडी सुरू करणे हीच विद्युत-तपासणी होती. वेस्पाच्या घडणीच्या स्कूटरींत तर फ्लायव्हील मॅग्नेटोमुळे बॅटरीवाचून इंजिन सुरू होई. सकाळी स्कूटर एका अंगाला कलती करून मग किक मारणारा गृहस्थ हे त्या पिढीतील महाराष्ट्राच्या शहरांतील परिचित दृश्य होते.

या चित्रात पहिला मोठा फरक १९८४ मध्ये आला. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) आणि पुणे येथील कायनेटिक समूहाने होंडाच्या सहकार्याने काढलेली कायनेटिक होंडा ही गिअरविरहित स्कूटर बटणावर सुरू होत असे. साडी नेसून किक मारणे जिकिरीचे होते. बटणाने ती अडचण संपवली. सेल्फचा भारतातील इतिहास केवळ आरामाचा इतिहास म्हणून लिहिणे अपुरे ठरते ते यामुळेच. मोटारसायकलींत मात्र १९८० च्या दशकातील शंभर सीसीच्या गाड्या किकच्याच होत्या. २००१ मध्ये बजाजची पल्सर आल्यानंतर सेल्फ हा मध्यमवर्गीय मोटारसायकलचा भाग होऊ लागला. बॅटरीही त्यानुसार वाढली. किकच्या अनेक गाड्यांत २.५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी हॉर्न आणि इंडिकेटरपुरती पुरत असे. सेल्फच्या दीडशे सीसी गाडीत ती ९ ॲम्पिअर-तासांपर्यंत गेली.

आवाजाचे शास्त्र

सेल्फ आला तसा निदानात जुन्या दोन प्रश्नांच्या आधी तिसरा प्रश्न आला : इंजिन फिरते का? याचे उत्तर मेकॅनिकांनी प्रथम कानाने शोधले. बटण दाबल्यावर संपूर्ण शांतता असेल तर फ्यूज, चावीचे स्विच, क्लचचे किंवा साइड-स्टँडचे स्विच पाहायचे. ‘टकटकटक’ असा जलद आवाज येत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. यामागील कार्यकारणभाव सुबोध आहे. रिले ओढला जातो, मोटरीचा भार पडताच व्होल्टेज कोसळते, रिले सुटतो, व्होल्टेज पुन्हा चढते आणि रिले पुन्हा ओढला जातो. एकच ‘टक्’ होऊन मोटर स्तब्ध राहिली तर रिलेचे संपर्क जळलेले किंवा मोटरीतील कार्बन झिजलेले असण्याचा संभव. मोटर भुर्रकन फिरते पण इंजिन हलत नाही, तर दोष वन-वे क्लचचा. आणि इंजिन जोमाने फिरूनही पकडत नसेल तर सेल्फ निर्दोष; तेथून पुढे प्लग आणि पेट्रोल हे जुनेच प्रश्न.

दिवा लावून बटण दाबणे ही दुसरी कसोटी. दिवा विझू लागला तर बॅटरीकडे किंवा अडकलेल्या मोटरीकडे संशय जातो. दिव्यात फरकच पडला नाही तर वीज मोटरीपर्यंत पोहोचतच नाही. रिलेची दोन जाड टोके पान्याने क्षणभर जोडून मोटर फिरते का पाहणे ही तिसरी कसोटी. ठिणग्या उडत असल्याने ती निर्धोक म्हणता येणार नाही, पण रिले आणि मोटर यांचा वाद ती निश्चित मिटवते. किक ही चौथी. किकवर गाडी लगेच सुरू झाली, तर इंजिन, ठिणगी आणि इंधन ही तिन्ही एका क्षणात संशयमुक्त होतात.

मीटर हाती आल्यावर हेच ज्ञान आकड्यांत उतरले. विश्रांत अवस्थेत पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते आणि १२ च्या आसपास ती जवळजवळ रिकामी असते. बटण दाबलेले असताना आकडा १० च्या बराच खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. अर्थिंगची तपासणी मात्र आजही सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. ५० ॲम्पिअर प्रवाह जाताना ०.०२ ओहम इतका क्षुल्लक रोधही एक व्होल्ट खातो. बुरशी धरलेले एक टर्मिनल असे सुस्थितीतील बॅटरीला आजारी ठरवू शकते.

बंद पेटी

या शास्त्राचा ऱ्हास कोठून सुरू झाला याचे उत्तर बॅटरीच्या झाकणात सापडते. जुन्या बॅटरीच्या सहा कप्प्यांना सहा बुचे असत. डिस्टिल्ड वॉटर घालता येई, हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाहता येई. ती १.२६० ते १.२८० च्या दरम्यान असेल तर कप्पा भरलेला, आणि सहांपैकी एकच कप्पा कमी असेल तर बॅटरी आतून गेलेली. बंदिस्त बॅटरीने देखभाल संपवली हे खरे, पण कप्प्यागणिक तपासणीही संपवली. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचे हेडलॅम्पचे स्विच गेले. अनेक मॉडेलांत दिवा इंजिन सुरू झाल्यावरच लागतो, त्यामुळे दिव्याची कसोटी हॉर्नवर आणि इंडिकेटरवर आली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा मानके लागू झाली आणि कार्ब्युरेटरची जागा सर्वसाधारणपणे इंधन-प्रक्षेपणाने घेतली. पंपालाच वीज लागत असल्याने बॅटरी पूर्ण उतरलेली अशी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून धक्का मारला तरी सुरू होण्याची शाश्वती उरली नाही. नेमक्या त्याच काळात टाळेबंदीमुळे आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या.

परिणामी ‘बॅटरी बदला’ हे निदान न राहता प्रतिक्षिप्त क्रिया झाली. त्यातील तर्कदोष लक्षात घेण्यासारखा आहे. रेक्टिफायर बिघडल्यामुळे बॅटरी भारित होत नसेल, तरी नवी बॅटरी बसवताच गाडी सुरू होते. ग्राहक पैसे देऊन समाधानाने जातो आणि मेकॅनिकला आपले निदान बरोबर ठरल्याचा प्रत्यय येतो. काही दिवसांनी तीच गाडी परत येते, तेव्हा दोष नव्या बॅटरीच्या माथी मारला जातो. इंजिन चालू ठेवून मीटर लावण्याचे अर्ध्या मिनिटाचे काम केले असते तर हा खर्च टळला असता. सेल्फबाबतही असेच घडते. दोष काही रुपयांच्या कार्बनचा असतो; मोटर मात्र संपूर्ण बदलली जाते. याचे खापर एकट्या मेकॅनिकवर फोडणे अन्यायाचे होईल. सुटा भाग मिळत नाही, जोडलेला संच मिळतो, आणि मजुरी वेळेवर नव्हे तर बदललेल्या भागावर आकारली जाते, अशा व्यवस्थेत निदानाच्या श्रमाला मोलच उरत नाही.

सर्वसामान्यांच्या शंभर सीसीच्या अनेक गाड्यांना अद्याप किक आहे, म्हणजे चौथी कसोटीही आहे. ज्या गाडीची किक हाच तिचा लौकिक होता, त्या बुलेटची नवी ३५० आवृत्ती २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आली, ती किकशिवाय. हेडलॅम्पवरचे ते आवरण तिच्यावर आजही आहे, ॲम्पिअर-मीटर नाही.